घाटातला पहिला दिवस: नाशिकहून एकट्याने सायकल काढताना

नाशिकच्या सायकलवाल्याला घाट शोधत लांब जावं लागत नाही. पश्चिमेला सह्याद्रीचा कडा, उत्तरेला सातमाळची रांग. पहाटे घर सोडलं की दोन-तीन तासांत कुठला ना कुठला चढ समोर उभा राहतोच. पण पहिल्यांदाच एकटे निघणार असाल, तर घाट किती मोठा आहे हे विचारण्याआधी एक बघा: चढ जाताना लागतो की येताना?

शहर साधारण सहाशे मीटरवर, पठारावर वसलंय. त्यामुळे पश्चिमेला कुठेही जा, इगतपुरीवरून कसाऱ्याकडे, सावळघाटातून पेठकडे किंवा त्र्यंबकवरून तोरंगण घाटाने मोखाडा-जव्हारकडे, आधी घाट उतरावा लागतो. सकाळच्या गारव्यात ताज्या पायांनी घरंगळत खाली जायला मजा येते. मग दुपारी ऊन डोक्यावर, बाटलीत दोन घोट पाणी, आणि तोच घाट चढून घरी यायचं. सोबत चार जण असले की हे निभावतं. कोणी पाणी देतं, कोणी गाडी मागवतं. एकट्याला मधूनच सोडून द्यायची सोय राहत नाही, कारण घर वर आणि तुम्ही खाली.

उत्तरेचा हिशोब उलटा आहे. दिंडोरी, वणी, नांदुरी आणि वर सप्तशृंगी गड, या वाटेवर मोठा चढ आधी येतो. दमलात, पाय गोळे धरायला लागले, आभाळ भरून आलं, तर हँडल वळवायचं आणि खाली यायचं. म्हणून एकट्याचा पहिला घाट गडाचाच करावा, असं माझं स्पष्ट मत आहे. चांदवडकडचा राहुड घाट जवळचा वाटतो, पण तो मुंबई-आग्रा महामार्गावर आहे आणि तिथली अवजड वाहतूक पाहता नवख्याने तिकडे फिरकू नये.

त्याआधी दोन फेऱ्या

थेट गडावर जाऊ नका. आधी त्र्यंबकेश्वर करून या. सातपूर, महिरावणी, अंजनेरी अशी वाट, एका बाजूने अठ्ठावीस-तीस किलोमीटर. चढ सौम्य आणि लांबट, पाय जागे करायला पुरेसा. सातपूरला कंपन्यांची पाळी सुटायची-भरायची वेळ टाळा. सिंहस्थाच्या कामांमुळे शहराबाहेर पडणाऱ्या रस्त्यांवर कुठे काय उकरून ठेवलेलं असेल याचा नेम नाही. ओळखीचा रस्ता म्हणून अंधारात सुसाट जाऊ नका.

ही फेरी अंगावर न येता झाली की दुसऱ्या वेळी त्र्यंबकहून घोटीच्या रस्त्याला लागून पहिने बारीपर्यंत जा. इथे खरा चढ-उतार भेटतो, वळणं भेटतात, आणि गिअर चुकला की चढावर सायकल जागच्या जागी कशी थांबते तेही कळतं. पावसाळ्यातले शनिवार-रविवार सोडून जा. तेव्हा पहिन्याला धबधब्यांपेक्षा गाड्याच जास्त असतात.

पहिन्याहून परत आल्यावर जिना उतरताना मांड्या बोलत असतील तर ठीक, गुडघे बोलत असतील तर सीटची उंची तपासा. पॅडल सर्वांत खाली असताना गुडघ्यात किंचित बाक राहिला पाहिजे. सीट फार खाली ठेवून घाट चढणं म्हणजे गुडघ्यांचं वाटोळं.

गिअर मोजा

दुकानात "एकवीस गिअर", "चोवीस गिअर" असे आकडे सांगतात. घाटात ते कामाचे नाहीत. कामाचे आकडे दोनच: पुढच्या सगळ्यात लहान चकतीचे दात आणि मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीचे दात. दोन्ही सारखे असतील, किंवा पुढचे कमी असतील, तर गाडी घाटाला लायक.

का, ते बघा. ७०० मापाचं चाक एका फेऱ्यात साधारण २.१ मीटर जातं. पुढे ३४ आणि मागे ३४ दात असले की पॅडलच्या एका फेऱ्याला चाकाचाही एकच फेरा. मिनिटाला साठ फेऱ्या मारल्या तर वेग होतो ताशी साडेसात किलोमीटर. आठ टक्क्यांच्या चढावर, म्हणजे शंभर मीटर गेल्यावर आठ मीटर वर, नवख्या माणसाला एवढाच वेग झेपतो. आता पुढे ३९ आणि मागे २५ दात धरा. त्याच साठ फेऱ्यांना वेग लागतो जवळजवळ बारा. तो काही टिकत नाही. मग फेऱ्या चाळिसावर येतात, एकेक पॅडल उभं राहून दाबावं लागतं आणि अर्ध्या तासात मांड्या संपतात. चढ तोच, माणूस तोच, फरक दातांचा.

त्यामुळे स्टीलची, जडशी, पुढे तीन चकत्या असलेली साधी एमटीबी, म्हणजे जाड टायरची डोंगरी सायकल, घाटात वाईट ठरत नाही. पुढे २४ आणि मागे २८ दातांचं गणित चकचकीत रेसिंग सायकलपेक्षा नवख्याला जास्त मानवतं. सपाटीवर ती मागे पडेल, पडू द्या. तुमची सायकल दातांच्या हिशोबात बसत नसेल तर मेकॅनिककडून मागची कॅसेट, म्हणजे चकत्यांचा संच, मोठी करून घेता येते. फक्त मागचा डिरेल्युअर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग, तेवढे दात झेलतो का, हे आधी विचारा.

ब्रेक, टायर आणि पितळेची एक टोपी

निघायच्या दोन दिवस आधी ब्रेक शू काढून बघा. रबरावरच्या खाचा गुळगुळीत झाल्या असतील तर बदला. शूमध्ये ॲल्युमिनियमचे चमकते कण रुतले असतील तर टोकदार वस्तूने उचकून काढा, नाहीतर ते रिम खरवडत राहतात. डिस्क ब्रेक असेल तर पॅडची जाडी बघा. ब्रेकची मूठ हँडलला टेकेपर्यंत दाबावी लागत असेल तर केबल सैल आहे, ती ताणून घ्या. हे सगळं आदल्या रात्री करायला काढू नका. काहीतरी निघालंच तर दुकान उघडं हवं.

टायर ३२ किंवा ३५ मिलिमीटर रुंदीचे उत्तम. दोन ट्यूब, टायर उचकायचे दोन लिव्हर, पंप, पॅच, सोल्युशन, मल्टिटूल, चेनची एक जोडकडी. एवढं सामान कॅरिअरच्या किंवा सीटखालच्या पिशवीत बसतं. पाठीवर सॅक घेऊन घाट चढू नका, पाठ घामाने भिजते आणि उतारावर तीच पाठ गार पडते.

आणि एक वीस-पंचवीस ग्रॅमसुद्धा न भरणारी वस्तू: व्हॉल्व्ह ॲडॉप्टर. तुमच्या ट्यूबला बारीक, लांबट प्रेस्टा व्हॉल्व्ह असेल तर गावातल्या पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची नळी त्यावर बसत नाही, कारण ती मोटारसायकलच्या जाड व्हॉल्व्हसाठी असते. पितळेची ही छोटी टोपी वर फिरवली की बसते. हातपंप ऐनवेळी दगा देतो तेव्हा ही टोपी दिवस वाचवते. ती मल्टिटूलच्या पिशवीत ठेवू नका, हरवते. व्हॉल्व्हवरच लावून ठेवा.

खाणं

नाशिककराला हे सांगणं जिवावर येतं, पण घाटाच्या आधी मिसळ नको. तर्री पोटात घेऊन दहा किलोमीटर चढणं म्हणजे स्वतःच्या हाताने दिवस घालवणं. मिसळ परत आल्यावर. सकाळी निघताना पोहे, उपमा किंवा गूळ-पोळी चालेल.

चढावर भूक लागेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो. घड्याळ लावून खा: दर पाऊण तासाला एक केळं, किंवा राजगिऱ्याचे दोन लाडू, किंवा चार-पाच खजूर. तासाला तीस ते साठ ग्रॅम कर्बोदकं असा ढोबळ हिशोब आहे, आणि एका मध्यम केळ्यात त्यातली पंचवीसेक ग्रॅम असतात. चिक्की शक्तीला चांगली, पण धाप लागलेली असताना चावायला त्रासाची, ती थांबल्यावर.

पाण्याच्या दोन बाटल्या हव्यात. एकीत साधं पाणी, दुसरीत ओआरएस. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचे चहाचे आणि सपाट. वणीत दोन्ही बाटल्या भरून घ्याच, नांदुरीत पुन्हा भरा. घाटात पाणी मिळेल या भरवशावर चढू नका.

दिवस कधीचा

सप्टेंबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. पावसाळ्यात धुकं, ओलसर रस्ता आणि दरडींची भीती. एप्रिल-मेमध्ये अकरानंतर डांबर तापतं. डिसेंबर-जानेवारीत सूर्य सातच्या सुमाराला उगवतो आणि दिंडोरीच्या पट्ट्यात पहाटे बोटं बधिर होतात. हातमोजे पूर्ण बोटांचे घ्या, कारण बधिर बोटांना ब्रेक नीट कळत नाही.

नवरात्रात आणि चैत्रोत्सवात गडाचा बेत आखू नका. खानदेशातून पायी येणाऱ्या भाविकांनी रस्ते भरलेले असतात. नवरात्रात तर खासगी गाड्या नांदुरीतच थांबवून वर एसटी सोडतात. कोजागरीलाही कावडीवाल्यांची गर्दी असते. त्या दिवसांत रस्ता त्यांचा.

वेळापत्रक आणि एक ठाम वेळ

शहरातून गड साधारण पासष्ट किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन सव्वाशे-तीस. हे एका दिवसात जड वाटत असेल तर दोन रस्ते आहेत. सायकल वणीपर्यंत पिकअपमध्ये टाकून न्या आणि तिथून सुरुवात करा. यात कमीपणा काही नाही. नाहीतर गडावर देवस्थानच्या भक्तनिवासात मुक्काम करून दुसऱ्या दिवशी उतरा.

एका दिवसाचंच ठरवलं असेल तर पहाटे पाचला म्हसरूळ सोडा. पुढे पांढरा दिवा, मागे लाल दिवा, अंगावर चमकणारं जाकीट. ढकांबे, आक्राळे फाटा, दिंडोरी. इथपर्यंत श्वास जड न होता गप्पा मारता येतील असाच वेग ठेवा. द्राक्षांचा आणि कांद्याचा हंगाम असेल तर ट्रॅक्टर भेटतील. ट्रॅक्टरने ओव्हरटेक केलं म्हणून लगेच रस्त्यात आत येऊ नका, त्याच्यामागे बऱ्याचदा दुसरी ट्रॉली असते आणि ती झोले खात येते. दिंडोरीनंतर अवनखेड, लखमापूर फाटा, मग ओझरखेड धरणाचं पाणी दिसतं. आठच्या सुमाराला वणी. चहा, नाश्ता, बाटल्या, घरी मेसेज.

वणीच्या पुढे डोंगर अंगावर येऊ लागतात आणि नांदुरीत गडाचा फाटा लागतो. इथे घड्याळ बघायचं. मी सांगतो ती वेळ सकाळी दहा. दहाच्या आत नांदुरीत असाल तर चढा. दहा वाजून गेले असतील तर चहा प्या, देवीला खालूनच हात जोडा आणि परत फिरा. ही वेळ घरी बसून ठरवायची, कागदावर लिहून हँडलला चिकटवायची. नांदुरीत पोचल्यावर ठरवायला गेलात तर मन वकिली करतं: "एवढं आलोच आहोत तर." सोबतीला असता तर कोणी अडवलं असतं, एकट्याला अडवणारा तो कागदच.

चढताना

नांदुरीपासून वर साधारण दहा किलोमीटर घाट. पहिला किलोमीटर मुद्दाम, लाज वाटेल इतका हळू घ्या. सगळ्यात हलका गिअर चढ सुरू व्हायच्या आधीच टाका. पाय जोर लावत असताना गिअर बदलला की चेन कडाडते, कधी उतरतेही. हँडल आवळून धरू नका, खांदे सैल. वळणाच्या आतल्या कडेला चढ सगळ्यात उभा असतो, बाहेरून थोडा निवांत. डावं वळण आलं आणि मागे-पुढे गाडी नसेल तर रस्त्याच्या मध्याकडे थोडं सरकून वळण घ्या, मग परत डावीकडे या. गाडीचा आवाज आला तर हा विचार सोडा आणि कडेने उभा चढ सोसा.

एसटी वळणावर पूर्ण रस्ता घेते, तिला तो लागतोच. मागून हॉर्न आला की वळणाच्या तोंडावर अडकण्यापेक्षा आधीच डावीकडे थांबा, पाय टेका, गाडी जाऊ द्या. चढणाऱ्या वाहनाला उतरणाऱ्याने वाट द्यावी असा नियम आहे खरा, पण सायकलसाठी तो कोणी पाळेल या भरवशावर राहू नका.

थांबावंसं वाटलं तर थांबा. उतरून ढकलली तरी घाट झालाच समजायचा. फक्त थांबायची जागा सरळ रस्त्यावर, दोन्हीकडून दिसेल अशी निवडा. वळणावर कधीच नाही. पुन्हा चढावर बसताना सुरुवात होत नसेल तर सायकल रस्त्याला थोडी आडवी धरून पॅडल मारा. केळ्याची पिशवी बाहेर लटकवू नका. माकडं आधी पिशवी बघतात, मग माणूस.

एखादी पिकअप शेजारी येऊन हळू होईल. "दादा, बसा ना मागं, गडावर सोडतो." धरून ओढत न्यायचीही ऑफर येईल. प्रेमाने नाही म्हणा. चालत्या गाडीला धरून घाट चढणं हा हात निखळायचा हमखास उपाय आहे.

उतरताना

चढाची भीती सगळ्यांना असते, अपघात होतात उतारावर. गडावर पोचल्यावर किमान अर्धा तास बसा, खा, कोरडा शर्ट आणि वरून वाऱ्याचं जाकीट घाला. उतरायच्या आधी दोन्ही ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवून बघा. चाकांचे क्विक रिलीज (चाक आवळणारे खटके) घट्ट आहेत ना, तेही.

ब्रेक सतत घासत ठेवून उतरू नका. रिम ब्रेकमध्ये रिम तापते, आतली हवा तापते, आणि लांब उतारावर ट्यूब फुटू शकते. डिस्क तापली तर पकड कमी होते. त्यापेक्षा गाडीला थोडं पळू द्या, मग वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावरच, दोन्ही ब्रेक जोरात दाबून वेग पाडा आणि वळणात शिरताना सोडा. थांबवण्याची ताकद पुढच्या ब्रेकमध्ये जास्त असते, त्यामुळे तो टाळू नका. पण वळणात, खडीवर किंवा ओल्यावर तो झटकन आवळू नका. उतारावर अंगाचा भार सीटच्या मागच्या बाजूला. वळताना बाहेरचं पॅडल खाली, आतलं वर. नजर चाकासमोर नको, वळण जिथे संपतं तिथे.

वेग किती? समोरचा जेवढा रस्ता दिसतोय तेवढ्यात थांबता आलं पाहिजे, एवढाच. मध्ये दोनदा थांबा. रिमजवळ हात न्या, चिकटवू नका. धग जाणवली तर पाच मिनिटं बसा. मनगटांनाही तेवढीच विश्रांती मिळते.

एकटेपणाची तयारी

घरच्या एका माणसाला तीन ठिकाणं आणि प्रत्येक ठिकाणी पोचायची वेळ लिहून द्या: वणी, नांदुरी, गड. ठरल्या वेळेनंतर तासाभरात मेसेज आला नाही तर फोन करायचा, फोन लागला नाही तर कोणाला सांगायचं, तेही ठरवा. डोंगरात रेंज जाते, म्हणून लाइव्ह लोकेशनवर सगळी भिस्त नको. नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा. खिशात नाव, रक्तगट आणि घरचा नंबर असलेला कागद, प्लास्टिकमध्ये. ११२ वर पोलीस-मदत, १०८ वर रुग्णवाहिका. सायकल एसटीत घेतीलच असं नाही; मोडतोड झाली तर वणी किंवा दिंडोरीतून भाजीपाल्याचा रिकामा पिकअप मिळण्याची शक्यता जास्त. त्यासाठी रोख पैसे वेगळे ठेवा.

गावातून जाताना कुत्री मागे लागली की पळवू नका. उतरा, सायकल मध्ये धरा, चालत पुढे जा. चार पावलांत त्यांचा रस संपतो.

पुढे मोठे घाट

गड दोन-तीनदा आरामात झाला की पश्चिमेकडचे, उतरून चढायचे घाट घ्या: आधी सावळघाट, मग तोरंगण. मनाली-लेहचं स्वप्न असेल तर एक लक्षात ठेवा, नाशिकचे घाट पाय, गिअर आणि ब्रेक शिकवतात. विरळ हवा शिकवत नाहीत. रोहतांग ३,९७८ मीटरवर आहे आणि पुढच्या खिंडी पाच हजारांच्या घरात जातात. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. तिथला नियम वेगळा: तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही. डोकं दुखत असेल, मळमळत असेल तर आणखी वर जायचं नाही. आराम पडेना तर खाली उतरायचं. पाय कितीही तयार असले तरी.